पोस्टाची पाटी आणि दुकानाचा गल्ला
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आज आमच्या आधी बोलून झाले आहे, आमच्या नंतरही बोलले जाईल. आमच्याकडे विषय आला आहे एका दुकानाचा. विषय लहान वाटेल, पण जिल्ह्यातल्या चार-पाच गावांतून एकच विचारणा आली : गावातले पोस्ट असलेले दुकान विकायला निघाले आहे, गटाने मिळून घ्यावे का? आमच्या गावात हाच प्रश्न गेल्या दसऱ्याच्या आधी आला. आम्ही काय पाहिले, काय हिशेब मांडला आणि कुठे चुकलो, ते तुमच्यापुढे ठेवतो. निर्णय ज्याने त्याने आपल्या गावाचा करायचा आहे.

आमचे गाव पाथर्डी आणि शेवगावच्या मधल्या कोरडवाहू पट्ट्यातले. उंबरा दोनशेचा. खरिपाला कापूस, बाजरी, तूर. रब्बीला परतीच्या पावसाच्या ओलीवर ज्वारी. दसरा झाला की ऐंशी घरांना कुलूप लागते, कोयता घेऊन माणसे कारखान्याच्या वाटेला लागतात. ती परत येतात पाडव्याच्या मागेपुढे. हे आधी सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब याच ऐंशी कुलपांवर अडला.

दुकानदार पुण्याला मुलाकडे चालला होता. दुकान चौकातले, मागे एक खोली. त्या खोलीत गावाचे शाखा डाकघर. दुकानदाराच्या वडिलांनी पुष्कळ वर्षे ते सांभाळले होते. त्यांच्यानंतर गुणांच्या यादीतून दुसऱ्या तालुक्यातली एक मुलगी पोस्टमास्तर म्हणून आली, ती गावातच राहते आणि त्याच खोलीत भाड्याने पोस्ट चालवते. दुकानदाराने सांगितले, "सहा लाख द्या. दुकान तुमचे, आणि पोस्टही दुकानाबरोबर आलेच." आम्ही सात घरे एकत्र बसलो. निम्म्यांचे डोळे चमकले ते दुकानाने नव्हे, पोस्टाच्या लाल पाटीने.

पोस्ट विकत मिळत नाही

पहिली चौकशी आम्ही तालुक्याच्या पोस्टात केली आणि पहिला भ्रम तिथेच फिटला. खेड्यातले शाखा डाकघर ही कुणाची मालमत्ता नाही. ते चालवणाऱ्या माणसाला पूर्वी खात्याबाहेरचा नोकर म्हणत, आता ग्रामीण डाकसेवक म्हणतात. या नोकरांचे पद हे सरकारी नागरी पद आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच दिला आहे. जे पद आहे ते बापाकडून मुलाला जात नाही आणि दुकानाबरोबर विकलेही जात नाही. दुकानदार विकत होता ती भिंत होती. पाटी त्याची नव्हतीच.

ही जागा भरतात ती दहावीच्या गुणांवर. परीक्षा नाही, मुलाखत नाही. म्हणून एक गोष्ट ठळकपणे लिहून घ्या : पोस्टाच्या जागेसाठी तुमच्या मुलाकडे किंवा सुनेकडे कोणी पैसे मागत असेल, तर तो विकायला काहीच नसलेला माणूस आहे. त्याला पैसे देण्यापेक्षा तेच पैसे विहिरीत टाकलेले बरे, निदान आवाज तरी येईल.

जागा मिळाली तरी पोट त्यावर भरेल असे कुणी समजू नये. २०१८ सालच्या सुधारणेत शाखा पोस्टमास्तरला चार तासांच्या कामाला दरमहा १२,००० आणि पाच तासांच्या कामाला १४,५०० रुपये हा सुरुवातीचा भत्ता ठरला, वर महागाई भत्ता. पोस्टासाठी खोली त्यानेच बघायची आणि राहायचेही त्याच गावात. घराला उपजीविकेचे दुसरे साधन आहे, हे गृहीत धरूनच ही व्यवस्था इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. म्हणून तर जुन्या काळी पोस्ट शाळामास्तराकडे नाहीतर दुकानदाराकडे असे.

आता कुणी म्हणेल, खात्याची फ्रँचायझी मिळते, ती घ्या. तीही आम्ही पाहिली. त्यात तिकिटे विकायची, स्पीड पोस्ट नोंदवून घ्यायचे आणि कमिशन मिळवायचे. बचत खात्यांचा व्यवहार त्यात नाही, टपाल वाटपही नाही. आमच्या पाहण्यात आलेल्या योजनेच्या छापील दरपत्रकात स्पीड पोस्टच्या नगाला ५ रुपये आणि तिकीट-पोस्टकार्डाच्या विक्रीवर शेकडा ५ असे कमिशन होते. पन्नास पैशांची शंभर पोस्टकार्डे विकली तर सुटले अडीच रुपये. एक चहासुद्धा नाही. कॉलेजे, कचेऱ्या, व्यापारी असलेल्या गावात हे जमेल. आमच्यासारख्या गावातून दिवसाला स्पीड पोस्ट किती जाणार? एखादे, तेही भरतीच्या दिवसांत. दर बदलत असतात, म्हणून कुणाला घ्यायचीच असेल त्याने ताजे पत्रक मागून घ्यावे आणि आधी आपल्या गावातले नग मोजावेत.

मग उरले दुकान

पोस्टाची पाटी बाजूला काढली आणि नुसत्या दुकानाचा हिशेब मांडायला बसलो. इथे एका माणसाची आठवण काढलीच पाहिजे. शरद जोशी १९५८ ते १९६८ या काळात भारतीय टपाल सेवेत होते आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्न शहरी जागतिक टपाल संघाच्या कचेरीत. ती नोकरी सोडून १९७७ च्या सुमारास ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. पोस्टातून आलेल्या त्या माणसाने आपल्याला काय शिकवले? घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरा, नाहीतर तोट्याची शेती फायद्याची दिसते. दुकानालाही हाच नियम लागू आहे. "आमची म्हातारी बसेल गल्ल्यावर, तिला काय पगार द्यायचा?" असे जो म्हणेल, त्याने कापसातही हेच केलेले असते.

म्हणून आम्ही सगळे खर्च मांडले. सहा लाख घालायचे, त्याचे व्याज शेकडा बारा धरले तर महिन्याला ६,००० रुपये. दीड लाखाचा माल भरायचा, त्याचे व्याज १,५००. दिवसभर बसणाऱ्याची मजुरी रोजची ३०० धरली तर ९,०००. वीज आणि किरकोळ १,०००. एकूण झाले १७,५००. किराण्यात तेल-साखरेला कमी सुटते, बिस्किट-साबणाला जास्त; सगळ्याचा मेळ घालून आम्ही रुपयाला आठ पैसे धरले. म्हणजे १७,५०० सुटायला महिन्याची विक्री हवी २,१८,७५० रुपये. दोनशे घरांनी दर महिन्याला अकराशेचा माल आमच्याकडूनच घ्यायला हवा. आणि ऐंशी घरांना कुलूप लागले की उरलेल्या एकशे वीस घरांनी अठराशेच्या वर. आठवड्याचा बाजार आहे, तालुक्याला जाणाऱ्या गाड्या आहेत, उसतोडीला गेलेली घरे कारखान्यावरच्या दुकानातून माल घेतात. हे होणे नाही.

सहा लाख म्हणजे किती, तेही एकदा आपल्या मापाने मोजले. २०२५-२६ हंगामाला मालदांडी ज्वारीचा आधारभाव ३,७४९ रुपये क्विंटल जाहीर झाला. त्या भावाने सहा लाख म्हणजे १६० क्विंटल ज्वारी. आणि आधारभाव बाजारात मिळतो का, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. आमच्या सातही घरांची खळी एक केली तरी इतकी रास एका साली पडत नाही. ती घालायची कशात? जी पाटी आपली होणारच नाही तिच्या आशेत.

त्या रात्री आम्ही सौदा मोडला असे ठरले. उठणार, तेवढ्यात गटातल्या एका मावशी बोलल्या.

मावशींचा हिशेब

त्या म्हणाल्या, "तुम्ही दुकानाचा हिशोब मांडला. माझ्या खाड्याचा कुठं मांडला? उद्या दुसऱ्या कुणी हे दुकान घेऊन त्याचं गोडाऊन केलं तर पोस्टबाई कुठं बसणार? खोली मिळेपर्यंत पोस्ट शेजारच्या गावी गेलं, की आम्ही चाललो पैसे काढायला तालुक्याला."

आम्ही गप्प झालो. कारण पोस्टात आता पत्रे कमी आणि पैसा जास्त. तार तर २०१३ च्या जुलैत बंदच झाली. पण २०१८ च्या सप्टेंबरात पोस्टाची पेमेंट्स बँक निघाली, खेड्यातल्या पोस्टमास्तरच्या हातात यंत्र आले, आधारवर अंगठा ठेवून पैसे निघू लागले. किसान सन्मानचा २,००० चा हप्ता असो, २०२४ साली सुरू झालेल्या लाडक्या बहिणीचे १,५०० असोत, निराधाराचे पैसे असोत. बँक चौदा किलोमीटर आणि पोस्ट चौकात. हे पैसे म्हणजे घामाचे दाम नव्हेत, हे आपण शंभरदा सांगितले आहे आणि सांगत राहू. पण आलेला पैसा काढायलाही मजुरी मोडावी लागत असेल, तर तो हातात पडेपर्यंत तेवढा कमी झालेला असतो.

मावशींच्या सांगण्यावरून दुसरा कागद घेतला. गावातल्या चाळीस बाया महिन्यातून एकदा पैसे काढायला पोस्टात येतात. त्यांना तालुक्याला जावे लागले तर दिवस जातो. एस.टी.त २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे, पण खाड्याला कुठे अर्धी सवलत आहे? ३०० रुपये मजुरीने चाळीस खाडे म्हणजे महिन्याला १२,००० रुपये. तिकीट वेगळेच. म्हणजे ते पोस्ट चौकात असल्यामुळे गावाचे महिन्याला निदान बारा हजार वाचतात.

इथे अनेक गट फसतात, म्हणून नीट ऐका. हे बारा हजार खरे आहेत. पण ते चाळीस पदरांना बांधलेले आहेत, दुकानाच्या गल्ल्यात पडत नाहीत. गावाचा फायदा हा दुकानाचा नफा समजून जो पैसे घालतो तो बुडतो. आणि दुकानाचा तोटा पाहून जो गावाचा फायदा सोडून देतो, तो गाव बुडवतो. दोन्ही कागद वेगळे ठेवायचे आणि दोन्ही समोर ठेवायचे.

आम्ही काय ठरवले

दुकान विकत घेतले नाही. दुकानदाराला गिऱ्हाईक मिळत नव्हतेच. त्याच्याशी अकरा महिन्यांचा भाडेकरार केला, महिना १,५००. पोस्टाची खोली होती तशी पोस्टाकडे राहील, ही अट करारात लिहून घेतली. दुकान उघडायचे ते अर्धाच दिवस, पोस्ट उघडे असते त्याच वेळात. माणसे एका कामाला येतात, दोन कामे करून जातात. माल ठेवायचा तो बाजाराच्या दिवसापर्यंत न थांबता येणारा : चहा-साखर, तेल, काडेपेटी, वह्या-पेन, जनावरांना सरकी पेंड. दसऱ्यानंतर माल निम्म्यावर आणायचा.

आता हिशेब बघा. भाडे १,५००, मालाचे व्याज १,५००, अर्ध्या दिवसाची मजुरी ४,५००, किरकोळ ५००. एकूण ८,०००. रुपयाला आठ पैशांनी विक्री हवी महिन्याला एक लाखाची. दोनशे घरे असली तर घरटी पाचशे, एकशे वीस असली तर साधारण सव्वाआठशे. अवघड आहे, पण अशक्य नाही.

तीन नियम

दुकान उघडण्याआधी तीन नियम केले. ते तुमच्याही उपयोगी पडतील.

पहिला नियम मावशींनीच घातला : पोस्टाच्या दारात उधारी मागायची नाही. जुनी माणसे जाणतात, मनिऑर्डर आली की पोस्टमनच्या मागोमाग सावकार उभा असे. एका खोलीत बाईने अंगठा लावून पंधराशे काढायचे आणि पुढच्या खोलीत आम्ही वही उघडून तिचे बाराशे कापून घ्यायचे, असे झाले तर आम्ही नवे सावकार झालो. उधारी शंभर रुपयांच्या वर नाही. आणि ती मागायची तर घरी जाऊन, पैसे काढल्याच्या दिवशी नव्हे. याने विक्री थोडी घटली. घटू दे.

दुसरा नियम : पोस्टाची पेटी आणि दुकानाचा गल्ला यांची कधी गाठ पडू द्यायची नाही. पोस्टात रोकड कमी पडली तर दुकानातून उसनी द्यायची नाही, दुकानात सुटे नसले तर पोस्टातून आणायचे नाहीत. दोन खोल्यांना दोन दारे, दोन कुलपे. सरकारी पैशात दहा रुपयांची तूट निघाली तरी ती चोरीच ठरते, मग मनात पाप असो वा नसो.

तिसरा नियम आम्ही परदेशातल्या एका प्रकरणावरून घेतला. इंग्लंडमध्ये आपल्यापेक्षा उलट रीत. तिथे खेड्यातले पोस्ट बहुधा दुकानात असते, माणसे आयुष्याची पुंजी घालून ते दुकान घेतात आणि पोस्टाच्या कंपनीशी करार करतात. त्या कंपनीने १९९९ पासून हिशेबासाठी होरायझन नावाची संगणक यंत्रणा बसवली. यंत्रणेत दोष होते. ती नसलेली तूट दाखवी, आणि करारात होते की तूट पोस्टमास्तरने भरून द्यायची. माणसांनी घरे गहाण टाकून पैसे भरले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांवर चोरी आणि खोट्या हिशेबाचे गुन्हे शाबीत झाले, कित्येक तुरुंगात गेले. शेवटी पाचशेहून अधिक पोस्टमास्तर एकत्र येऊन कोर्टात गेले. २०१९ साली कोर्टाने यंत्रणा सदोष असल्याचा निकाल दिला, आणि २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. एकेकटा माणूस होता तोवर प्रत्येकाला सांगितले जात होते की तूट फक्त तुझ्याकडेच येते. एकत्र आले तेव्हा कळले की दुखणे सगळ्यांचे एकच आहे. आपल्याला हे नवे नाही. काट्यावर कापसाची घट धरतात तेव्हाही प्रत्येकाला वाटते की आपलाच माल ओला.

आपल्याकडची यंत्रे तशी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. पण यंत्र सांगते म्हणून खरे, ही सवय वाईट. म्हणून तिसरा नियम : रोज संध्याकाळी हाताने वही लिहायची. किती आले, किती गेले, किती उरले, आणि खाली दोघांच्या सह्या. पैसे काढणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितले आहे की अंगठा लावल्यावर पावती मागा, नुसते "आज सर्व्हर नाही" म्हटले गेले तरी किती वेळा अंगठा लावला हे लक्षात ठेवा आणि खात्यातली शिल्लक विचारून घ्या.

आजची स्थिती

लपवून काही सांगायचे नाही. दुकान सुरू झाले ते नेमके कुलपे लागण्याच्या दिवसांत. ही आमची चूक. पाडव्याला सुरू करायला हवे होते. पहिल्या चार महिन्यांत विक्री सरासरी ८५,००० च्या आसपास राहिली. म्हणजे दरमहा १,२०० रुपये कमी पडले. ते सात घरांनी वाटून भरले, घरटी १७१ रुपये. आमच्यातले दोघे म्हणतात की बंद करा. मावशी म्हणतात की तोडकरी परत येईपर्यंत थांबा, मग बोला. अकरा महिने पुरे झाले की पुन्हा दोन्ही कागद घेऊन बसायचे, आणि दुकानाचा कागद तोट्यातच असला तर दुकान बंद करून पोस्टासाठी खोली ग्रामपंचायतीकडे मागायची, असे ठरले आहे. कारण टिकवायचे आहे ते पोस्ट. दुकान हे त्याचे एक साधन आहे, आणि साधनासाठी कुणी घर गहाण टाकत नाही.

तुमच्या गावात असे दुकान निघाले तर इतकेच करा. विकणारा नेमके काय विकतो आहे, ते तालुक्याच्या पोस्टात जाऊन विचारा. महिनाभर दारात बसून माणसे मोजा. दसऱ्यानंतरची घरे वेगळी मोजा. बसणाऱ्याची मजुरी धरा, मग ती आई असो, बायको असो की सून. आणि बैठकीला बायांना बोलावा, कारण पोस्टाच्या ओट्यावर कोण उभे असते ते पुरुषांना ठाऊक नसते. आम्ही सात घरांनी रात्रभर आकडेमोड केली, पण बारा हजारांचा आकडा आमच्या कागदावर नव्हता. तो मावशींच्या पदराला होता.

पुढच्या बैठकीला वही घेऊन येऊ. तोटा असला तरी आणू.

जय किसान!